दोन थडग्यांमधली पायवाट

चिनी लेखक लू शुन यांच्या ‘औषध’ या कथेत एका माणसाचा शिरच्छेद होतो आणि तो माणूस आपल्याला एकदाही दिसत नाही. त्याचा चेहरा कसा होता, मरायला नेताना तो ताठ चालत होता की त्याला ओढत नेलं, काहीच कळत नाही. बघायला जमलेल्यांच्या पाठी तेवढ्या दिसतात. त्याचं रक्त दिसतं, पण ते एका पावाला लागलेलं. त्याच्या अंगावरचे कपडे कुणी नेले हे मागाहून कळतं, आणि त्याला पकडून देणाऱ्याला किती चांदी मिळाली तो आकडाही कळतो. राज्य उलथून टाकायला निघालेल्या तरुणाची ही कथा, आणि तिच्यात तो तरुणच नाही. गेली कित्येक वर्षं मी ही कथा पुन्हा पुन्हा वाचतो आहे ते या रिकाम्या जागेसाठी.

कथा छोटीच आहे. चार भाग, सगळी मिळून दहा-बारा पानं. एप्रिल १९१९ मध्ये ती लिहिली गेली आणि ‘शिन छिंगन्येन’, म्हणजे ‘नवतरुण’, या मासिकाच्या मे महिन्याच्या अंकात आली. त्याच मे महिन्याच्या ४ तारखेला पेकिंगचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले. पहिल्या महायुद्धानंतर शांतुंग प्रांतातले जर्मनीचे हक्क चीनला परत मिळायचे, ते पॅरिसच्या शांतता परिषदेत जपानच्या पदरात टाकायचं ठरलं होतं. आधुनिक चीनच्या इतिहासात या तारखेपासून नवं पान सुरू होतं असं मानतात. कथेचा काळ मात्र त्याच्या बारा वर्षं मागचा आहे. राजधानीत अजून मांचू सम्राट आहे, राज्याचं नाव अजून ‘महान छिंग’ आहे. मला चिनी येत नाही. यांग श्येनयी आणि ग्लॅडिस यांग या दांपत्याच्या इंग्रजी भाषांतरातून मी ही कथा वाचली, आणि मूळ शब्दांबद्दल जे समजलं ते जाणकारांच्या टिपांमधून.

शरद ऋतू सरत आलेला. चंद्र मावळलेला आणि सूर्य उगवायचा आहे, अशी वेळ. चहाच्या दुकानाचा म्हातारा मालक ह्वा लाओश्वान उठतो आणि दिवा लावतो. आतल्या खोलीत मुलाला खोकल्याची उबळ येते. बायको उशीखाली बराच वेळ चाचपडते, पैशांचं पुडकं काढते आणि नवऱ्याच्या हातात देते. तो ते थरथरत्या हातांनी खिशात घालतो आणि वरून दोनदा दाबून बघतो. मग कंदील घेऊन बाहेर पडतो. कुठे चालला आहे, कशासाठी, हे लू शुन सांगत नाहीत. रस्त्यात कुत्री भेटतात, एकही भुंकत नाही. हवेत गारठा आहे, पण म्हाताऱ्याला हलकं वाटतं. आपण एकाएकी तरुण झालो, कुणाला तरी जीव देण्याची शक्ती आपल्या अंगात आली, असं त्याला वाटत राहतं. घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल आणि खात्रीच्या औषधाचा पत्ता लागला म्हणून जो कधी भल्या पहाटे निघाला असेल, त्याला ही चाल ओळखीची वाटेल.

चौकात तो एका बंद दुकानाच्या वळचणीला उभा राहतो. गणवेशातले शिपाई जातात, मागोमाग लोकांचा लोंढा येतो. सगळे एकाच दिशेला बघत असतात. कुणी अदृश्य हाताने माना धरून वर ओढलेली बदकं असावीत, तशा त्यांच्या माना लांबलेल्या. मग काहीसा आवाज होतो, गर्दी एकदम मागे हटते, आणि काळ्या कपड्यांतला एक माणूस लाओश्वानसमोर येऊन उभा राहतो. एक हात पैशांसाठी पसरलेला. दुसऱ्या हातात वाफवलेला मैद्याचा पाव, लालभडक, अजून ठिबकत असलेला.

माणसाच्या ताज्या रक्तात बुडवलेला पाव खाल्ला की क्षय बरा होतो, अशी समजूत होती. वाचकाला ती इथे कळते. तोवर आपण या म्हाताऱ्याबरोबर त्याच्याच आशेने चालत आलेले असतो, आणि आता परत फिरायला जागा उरलेली नसते.

लाओश्वान पाव घ्यायला धजत नाही. तेव्हा तो काळा माणूस त्याचा कंदील हिसकावतो, त्याचा कागद फाडतो, त्यात पाव गुंडाळतो आणि म्हाताऱ्याच्या हातात कोंबतो. पैशांचं पुडकं चाचपून बघतो आणि चालता होतो. ही कृती अर्ध्या ओळीत उरकली आहे आणि पहिल्या वाचनात माझ्या लक्षातच आली नव्हती. अंधारात वाट दाखवायला आणलेल्या उजेडाचं आवरण रक्ताची पुडी बांधायला लागलं. पुढच्या भागात पावाबरोबर तो कंदिलाचा कागदही चुलीत जातो. लू शुन यावर एक शब्द बोलत नाहीत. कागद तेवढा शेवटपर्यंत नजरेआड होऊ देत नाहीत.

परतताना लाओश्वानचं सगळं लक्ष त्या पुडीत असतं. दहा पिढ्यांचा एकुलता वारस कुशीत धरावा तशी त्याने ती धरली आहे. एवढ्यात सूर्य उगवतो. समोर घरापर्यंतचा रस्ता उजळतो, आणि मागे चौकातल्या मोडक्या फलकावरची फिकट सोनेरी अक्षरंही उजळतात. एकच ऊन. पुढे मुलगा आहे आणि मागे नुकतंच सांडलेलं रक्त. पहिला भाग इथे संपतो.

त्या पुडक्यातल्या पैशांकडेही पाहायला हवं. मूळ चिनीत त्यांना ‘यांगछ्येन’ म्हटलं आहे, म्हणजे समुद्रापलीकडचा पैसा. परदेशी व्यापाराबरोबर चीनमध्ये आलेले हे चांदीचे डॉलर. त्याच व्यापारातून पुढे अफू आली, आणि साठलेली चांदी उलटी वाहून जाऊ लागली. त्या अफूत माळव्याची अफू मुंबई बंदरातून जात असे, आणि मुंबईतल्या काही मोठ्या घराण्यांची श्रीमंती त्या जहाजांवर उभी राहिली. १८३९ ते १८४२ चं पहिलं अफूचं युद्ध, १८९५ साली जपानकडून झालेला पराभव, १९०० चं बॉक्सर बंड आणि त्याबद्दल पुढच्या वर्षी लादलेली ४५ कोटी ल्यांग चांदीची खंडणी, असा हा साम्राज्याच्या अखेरचा काळ. कथेत यातलं काही येत नाही. पण त्या पडझडीतून लाओश्वानच्या उशीखाली जे काही साठलं होतं, ते आज एका पावापायी गेलं.

औषधासाठी असं झिजणं लू शुन यांच्या घरात घडलेलं होतं. त्यांचं खरं नाव चौ शुरेन. जन्म १८८१ चा, शाओशिंग गावचा. वडील आजारी पडले तेव्हा या पोरसवदा मुलाला जवळजवळ रोज दोन दुकानांत जावं लागे. आधी गहाणवटीच्या दुकानात, जिथलं टेबल त्याच्या दुप्पट उंच होतं, आणि तिथे मिळालेले पैसे घेऊन औषधाच्या दुकानात, जिथलं टेबल त्याच्याएवढंच होतं. वैद्य विलक्षण अनुपानं सांगत. तीन वर्षं दहिवर खाल्लेला ऊस, किंवा मूळचीच जोडी असलेले दोन रातकिडे. मुलगा ते शोधत हिंडे. १८९६ साली वडील गेले. पुढे तो जपानमध्ये सेंदाईला आधुनिक वैद्यक शिकायला गेला, वडिलांसारख्या माणसांना बरं करायचं म्हणून. तिथे एकदा वर्गात रशिया-जपान युद्धाची चित्रं पडद्यावर दाखवली. रशियाचा हेर म्हणून एका चिनी माणसाचं डोकं जपानी सैनिक उडवणार होते, आणि भोवती धडधाकट चिनी माणसं ते नुसती बघत उभी होती. युद्ध दोन परक्या साम्राज्यांचं होतं, जमीन मात्र चीनची. १९०६ साली लू शुन यांनी वैद्यक सोडलं. शरीरं कितीही निरोगी केली तरी माणसं अशी बघत उभी राहणार असतील, तर इलाज मनावर करायला हवा, असं त्यांना वाटलं.

बदकांसारख्या लांबलेल्या त्या माना मला या पडद्यावरून आल्यासारख्या वाटतात. कथेत त्यांनी कॅमेरा गर्दीच्या मागे ठेवला. पडद्यावर मरणारा माणूस मध्यभागी होता. इथे मध्यभाग दिसतच नाही, कारण मधे माणसं उभी आहेत.

‘अंधश्रद्धेवर प्रहार करणारी कथा’ असं ‘औषध’चं वर्णन नेहमी होतं. ते मला अपुरं वाटतं. दुसरा भाग वाचा. दुकान झाडून-पुसून लख्ख केलेलं आहे. क्षयी मुलगा श्याओश्वान आतल्या टेबलाशी बसून जेवतो आहे, कपाळावरून घामाचे थेंब गळताहेत, पाठीवर खांद्याची हाडं सदऱ्यातून वर आलेली. आई-बाप चुलीपाशी हळू आवाजात बोलतात. कमळाच्या पानात गुंडाळून पाव भाजला जातो. दुकानात एक विचित्र वास भरतो. रोजचं एक कुबडं गिऱ्हाईक येतं आणि काय खाताय, म्हणून विचारतं. कुणी उत्तर देत नाही. मग तो काळाठिक्कर झालेला गोळा मुलाच्या हातात येतो. आपलाच जीव हातात धरल्यासारखा तो त्याच्याकडे बघतो. मोडतो, तर आतून वाफ निघते आणि पांढऱ्या मैद्याचे दोन तुकडे दिसतात. साधा पाव. थोड्या वेळात तो खाऊन संपतो, आणि चव कशी होती हेही मुलाला आठवत नाही. दोन्ही बाजूंना आई-बाप उभे. त्यांच्या नजरा अशा, की मुलाच्या शरीरात काही ओतावं आणि काही उपसून काढावं. मग तो झोपतो, आणि आई त्याच्यावर ठिगळांची गोधडी हलकेच घालते.

अज्ञानावर राग असलेला लेखक ही गोधडी लिहीत नाही. लू शुन यांना वैद्यक येत होतं, या पावाने क्षय हटत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि तरीही त्यांनी या दोघांकडे वरून पाहिलेलं नाही. जो मुलगा बापासाठी रातकिड्यांची जोडी शोधत हिंडला, त्याला या बापाची थरथर माहीत होती. कथा भयंकर होते ती यामुळेच. रक्त विकत घेणारा माणूस दुष्ट असता तर वाचक सुटला असता. इथे तो गावातला सगळ्यात मायाळू माणूस आहे.

तिसरा भाग चहाच्या दुकानातल्या गप्पांचा आहे, आणि रचनेच्या दृष्टीने कथेचा कस इथे लागतो. गिऱ्हाइकं जमली आहेत. लाओश्वान तांब्याची मोठी किटली घेऊन चहा ओततो आहे. रात्रभर जागल्याने त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं आहे. मघाचा काळा माणूस, खांग, आत घुसतो आणि हमखास गुण येणार, म्हणून मोठमोठ्याने ग्वाही देऊ लागतो. त्याच्या बोलण्यात क्षयाचं नाव येतं आणि मुलाच्या आईचा चेहरा किंचित उतरतो. पण ती लगेच हसू आणते आणि काही निमित्त काढून तिथून निघून जाते. दोन ओळींत एक आई उभी राहते.

मग पहाटे मारला गेलेला कोण, त्याची चर्चा निघते. श्या घराण्यातला, विधवेचा मुलगा. त्याच्या काकानेच सरकारात वर्दी दिली आणि २५ ल्यांग चांदी मिळवली. परकीय सत्तांना ४५ कोटी ल्यांग द्यायचं कबूल केलेल्या सरकारच्या तिजोरीतून घरच्या बंडखोरासाठी निघालेले हे २५. काकाने एकट्याने सगळे खिशात घातले, एक पैसाही खर्चला नाही, हे खांग कौतुकाने सांगतो. लाल डोळ्यांच्या तुरुंगाधिकाऱ्याला कैद्याच्या अंगावरचे कपडे मिळाले. लाओश्वानला पाव मिळाला. खांगला पैसे मिळाले. चौकशी अशी पुढे सरकते, आणि हळूहळू वाचकाच्या लक्षात येतं की मेलेल्या माणसाची ही मालमत्तेची यादी चालली आहे. त्याने काय केलं, हे विचारायचं कुणालाच सुचत नाही.

तरी त्याचे दोन बोल आपल्यापर्यंत पोचतात, आणि तेही त्याला मारणाऱ्यांच्या तोंडून. हे महान छिंग राज्य आपलं सगळ्यांचं आहे, असं तो तुरुंगाधिकाऱ्याला समजावत होता. अधिकाऱ्याने त्याच्या दोन थोबाडीत दिल्या. तेव्हा तो म्हणाला, बिचारा! ऐकणाऱ्यांपैकी एका पांढऱ्या दाढीवाल्याचा गैरसमज होतो की मार बसला म्हणून कैदी स्वतःची कीव करत होता. खांग त्याला दुरुस्त करतो. कीव अधिकाऱ्याची होती. आणि दुकान एकदम गप्प होतं. सगळ्यांचे डोळे निर्जीव होतात.

ही शांतता पुन्हा वाचावी अशी आहे. तुरुंगात मार खाणारा माणूस मारणाऱ्याची कीव करतो, हे त्यांच्या डोक्यात कुठेच बसत नाही. क्षणभर कुठलंसं दार किलकिलं होतं. मग कुणीतरी म्हणतं, वेडा झाला होता. दुसरा मान डोलावतो, तिसरा डोलावतो, आणि गप्पा पुन्हा सुरळीत सुरू होतात. मुलगा खोकतो. खांग त्याच्या खांद्यावर थाप मारून पुन्हा तीच ग्वाही देतो. बरं होण्याचं आश्वासन आणि वेडाचा शिक्का एका दमात येतात. क्रांतिकारकाचं रक्त त्यांना औषध म्हणून चाललं आणि त्याचा शब्द मात्र वेड ठरला. लू शुन यांचं हे निदान आहे, आणि १९१९ सालच्या तरुण वाचकाला ते किती जिव्हारी लागलं असेल याची मला कल्पना येते. त्याच्यापुढे सात वर्षांचं प्रजासत्ताक होतं. १० ऑक्टोबर १९११ ला वूचांगला उठाव झाला, १२ फेब्रुवारी १९१२ ला बाल सम्राटाने गादी सोडली, पण चहाच्या दुकानातले चेहरे बदलले नव्हते.

मारला गेलेला श्या यू कोण, हे त्या काळच्या शाओशिंगच्या माणसाला सांगावं लागलं नसतं. जुलै १९०७ मध्ये आन्हुई प्रांताचा राज्यपाल अनमिंग याला श्यू शिलिन या क्रांतिकारकाने गोळ्या घातल्या. श्यू पकडला गेला, मारला गेला, आणि राज्यपालाच्या रक्षकांनी त्याचं काळीज काढून खाल्लं. त्याची साथीदार चिउ चिन तेव्हा शाओशिंगमध्ये तातुंग शाळा चालवत होती. कवयित्री, १९०४ साली घरदार मागे ठेवून जपानला शिकायला गेलेली, तलवारीसह छायाचित्र काढून घेतलेली बाई. तिला अटक झाली आणि १५ जुलैच्या पहाटे गावातल्या शुआनतिंगखौ चौकात तिचं शिर उडवलं. लू शुन यांचं घर त्याच गावात.

कथेतलं नाव लू शुन यांनी तिच्या नावावरूनच बेतलं. ‘चिउ’ म्हणजे शरद, ‘श्या’ म्हणजे ग्रीष्म. ‘चिन’ आणि ‘यू’ ही दोन्ही मौल्यवान हिरव्या दगडाची नावं. शरदाचं नाव धारण करणारी चिउ चिन भर उन्हाळ्यात मारली गेली. ग्रीष्माचं नाव धारण करणारा श्या यू शरदात मारला जातो. ही अदलाबदल मला कथेतली सगळ्यात हळुवार आदरांजली वाटते, कारण ती ओळखणाऱ्यापुरतीच आहे. दुसरी जोडणी अधिक प्रसिद्ध आहे. मुलाचं घराणं ‘ह्वा’, क्रांतिकारकाचं घराणं ‘श्या’, आणि ‘ह्वाश्या’ हे चीनचं जुनं नाव. म्हणजे देशाचा एक अर्धा दुसऱ्या अर्ध्याचं रक्त खातो. शाळेत शिकवायला हे सोयीचं आहे, पण मला ते जरा उघड वाटतं. कथेला त्याची गरज नव्हती. तिचा खरा जोर चौथ्या भागात आहे.

छिंगमिंगचा दिवस. एप्रिलच्या सुरुवातीला येणारा, पितरांच्या थडग्यांवर जाण्याचा सण. त्या वर्षी कडाक्याची थंडी, विलोचे कोंब अर्ध्या तांदळाएवढे. पश्चिम वेशीबाहेर, तटाला लागून सरकारी पडीक जमीन आहे. तिच्यातून एक वेडीवाकडी पायवाट जाते. ती कुणी आखलेली नाही. जवळचा रस्ता म्हणून माणसांच्या पायांनी पडली, आणि आपोआप सीमा होऊन बसली. वाटेच्या डावीकडे शिरच्छेद झालेल्यांची आणि तुरुंगात मेलेल्यांची थडगी, उजवीकडे गरिबांची. दोन्हीकडचे ढिगारे दाटीवाटीने बसलेले, एखाद्या श्रीमंताच्या वाढदिवसाला मांडलेल्या वाफवलेल्या पावांसारखे.

पाव पुन्हा आला. कथेच्या पहिल्या भागात रक्तात बुडालेला, दुसऱ्यात मोडलेला, आता मातीचा आणि असंख्य.

उजव्या बाजूच्या एका नव्या ढिगाऱ्यापुढे श्याओश्वानची आई बसली आहे. तो कधी गेला, कसा गेला, शेवटी काय बोलला, काही सांगितलेलं नाही. तिसऱ्या भागाच्या शेवटी खोकणारा मुलगा आणि चौथ्या भागात चार ताटल्या नि भाताची वाटी, यांच्यामध्ये एक कोरी ओळ आहे. मुलाचं मरण त्या कोऱ्या ओळीत आहे. दुसऱ्या मुलाचं मरण गर्दीच्या पाठीमागे होतं. दोन्ही मरणं लू शुन यांनी सारख्याच मौनाने झाकली आहेत.

मग दुसरी बाई येते. अर्धे पांढरे केस, फाटके कपडे, हातात लाल रंगाची मोडकी टोपली. आधीच बसलेल्या बाईला पाहून ती थबकते, फिकट चेहऱ्यावर लाज येते. तरी मन घट्ट करून ती डाव्या बाजूच्या थडग्याशी जाते. हे थडगं आणि श्याओश्वानचं थडगं एका ओळीत आहेत. मधे फक्त वाट. ती बाई रडते, मग एकाएकी थरथरते, झोकांड्या देत मागे सरते. हे पाहून श्याओश्वानची आई उठते आणि वाट ओलांडून तिच्याकडे जाते.

माझ्या मते कथेचा मध्य या ओलांडण्यात आहे. आतापर्यंत प्रत्येक माणूस त्या मेलेल्या तरुणापासून काही ना काही घेत आला. इथे पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या बाजूला येतं, घेण्यासाठी नव्हे. या बाईला काहीच ठाऊक नसेल, किंवा सगळं ठाऊक असून तिने ते मनात येऊ दिलं नसेल. आपल्या मुलाच्या तोंडात गेलेलं रक्त समोरच्या बाईच्या मुलाचं होतं, हे लू शुन तिच्या तोंडून वदवत नाहीत. आपल्यासारखीच एक आई दुःखाने वेडी होईल, एवढंच तिला दिसतं. राज्याने आणि लाजेने आखलेली सीमा ती चार पावलांत ओलांडते, आणि आपण काही मोठं केलं याचा तिला पत्ताही नसतो.

पलीकडच्या थडग्यावर तांबड्या-पांढऱ्या फुलांचं कडं आहे. फार नाहीत, फार टवटवीतही नाहीत, पण नीट मांडलेली. श्याओश्वानची आई आपल्या थडग्याकडे पाहते. तिथे थंडीला न भ्यालेली चार फिकट रानफुलं. तिच्या मनात काही उणं असल्याची भावना येते आणि तिला तिचा शोध घ्यावासा वाटत नाही. श्या यूची आई जवळून बघते. फुलांना मुळं नाहीत, म्हणजे ती उगवलेली नाहीत. कोण आलं असेल? नातलगांनी तर केव्हाच येणं सोडलं. मग तिला वाटतं, मुलाचाच आत्मा आपल्याला खूण देतो आहे, त्याच्यावर अन्याय झाला हे सांगतो आहे. निष्पर्ण झाडावर एक कावळा बसलेला असतो. तू इथे असशील, माझं ऐकत असशील, तर या कावळ्याला तुझ्या थडग्यावर उतरव, असं ती मुलाला विनवते.

पुढच्या ओळी मी श्वास रोखून वाचतो. वारा पडलेला. सुकं गवत तांब्याच्या तारांसारखं ताठ. त्यातून निघालेला एक बारीक कंप विरत विरत नाहीसा होतो. दोघी कावळ्याकडे बघत उभ्या. कावळा मान आत घेऊन, ओतीव लोखंडासारखा निश्चल. पिंडाला कावळा शिवण्याची वाट बघत उभं राहिलेल्या मराठी माणसाला हा क्षण समजावून सांगावा लागणार नाही.

कावळा थडग्यावर येत नाही. दोघी हळूहळू निघतात. वीस-तीस पावलं गेल्यावर मागून मोठ्याने काव ऐकू येतो. त्या दचकून वळतात, तर तो पंख पसरून दूरच्या आकाशाकडे बाणासारखा गेलेला. कथा संपते.

फुलांच्या त्या कड्याबद्दल लू शुन यांनी पुढे स्वतःच लिहिलं. १९२३ साली आलेल्या ‘नाहान’ या पहिल्या संग्रहाच्या प्रस्तावनेत त्यांनी कबूल केलं की श्या यूच्या थडग्यावर ती फुलं त्यांनी कथेच्या ओघाबाहेर जाऊन ठेवली. निराशा पसरवायची नाही, अशी तेव्हाच्या चळवळीतल्या मित्रांची इच्छा होती, आणि सुखस्वप्नं पाहणाऱ्या तरुणांना आपल्या एकटेपणाची लागण करावी असं त्यांनाही वाटत नव्हतं. यामुळे पुष्कळ वाचक त्या कड्याकडे लेखकाने केलेली तडजोड म्हणून पाहतात. मला ते पटत नाही. लेखकाची कबुली प्रामाणिक आहे, पण पानावर जे उतरलं ते त्याहून मोठं आहे. कुणीतरी अनोळखी माणसं चोरून इथे येऊन गेली, म्हणजे श्या यू एकटा नव्हता. वाचकाला ही आशा मिळते. आईला ती मिळत नाही. ती फुलांमध्ये चमत्कार शोधते, कारण आपल्या मुलाला माणसं मानत असतील ही शक्यताच तिच्या जगात नाही. फुलं आहेत आणि कळलेली नाहीत. चहाच्या दुकानात जे घडलं, तेच इथे मायेच्या जागेत पुन्हा घडतं. कावळा आईच्या मनासारखं करत नाही, म्हणून फुलं खोटी होत नाहीत. आणि फुलं आहेत, म्हणून तिचं दुःख हलकं होत नाही. या दोन खुणा एकमेकींना छेद देत राहतात, आणि लू शुन कुणाचीही बाजू घेऊन शेवट सोपा करत नाहीत.

चिउ चिनचं थडगंही शांतपणे एका जागी राहिलं नाही. १९०८ साली तिच्या मैत्रिणींनी तिला हांगचौच्या पश्चिम सरोवराकाठी पुरलं, तर सरकारने ते थडगं काढायला लावलं. पुढे अनेक वेळा तिची जागा हलली. १९८१ साली ती पुन्हा सरोवराकाठी आली. लू शुन १९ ऑक्टोबर १९३६ रोजी शांघायला वारले. त्यांना क्षय होता.

पहिल्या भागाच्या शेवटी उन्हात उजळलेल्या फलकावर मूळ कथेत एक अक्षर गाळलेलं आहे, तिथे नुसती चौकट आहे. ते अक्षर भरलं की शाओशिंगच्या त्या चौकाचं नाव वाचता येतं. १९३० साली त्या चौकात चिउ चिनचा स्मारकस्तंभ उभारला गेला. तो अजून तिथेच, रस्त्याच्या मधोमध आहे.